सर्वश्रेष्ठ, वसिष्ठ आणि भिस्ती

प्रश्न : आजवरचा सर्वात मोठा रॉक बँड कोणता, यावर मित्रांमध्ये वाद झाला. मी म्हणालो, "बीटल्स हा सर्वात सर्वश्रेष्ठ बँड आहे." लीड झेपलिनचा भक्त असलेल्या मित्राने बँड सोडून माझी मराठीच धरली. त्याच्या मते 'श्रेष्ठ' म्हणजेच 'सर्वात चांगला', त्यामुळे नुसता 'सर्वश्रेष्ठ'सुद्धा चूक. मग 'सर्वश्रेष्ठ बँड्सपैकी एक' असं म्हटलं तर चालेल का?

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो, कारण माझा रक्तदाब तिथेच चढला.

नाही चालणार. आखाड्यात पहिलवान पुष्कळ असतात, पण मानाची गदा एकाच्याच खांद्यावर जाते. 'सर्वश्रेष्ठ' एकदा म्हटलं की बाकीचे खाली बसले. त्यांच्या'पैकी एक' आता कुठून उभा करणार? इंग्रजीत 'ग्रेटेस्ट' मंडळींचा एक कंपू मानतात आणि त्यातला एक उचलतात. त्यांच्या भाषेत ते रुळलेलं आहे, त्यांनी खुशाल म्हणावं. आपल्याकडे 'थोर बँडांपैकी एक' म्हणा, 'पहिल्या फळीतला' म्हणा, 'मातब्बर', 'अग्रगण्य' म्हणा. शब्दांचा दुष्काळ नाही. परवा एका सत्कारात निवेदिकेने पाहुण्यांची ओळख 'सर्वात सर्वश्रेष्ठ कलाकारांपैकी एक' अशी करून दिली. पाहुणे एकटेच बसले होते, तरी व्यासपीठावर चेंगराचेंगरी झाल्यासारखं वाटलं.

आणि 'बँड्स' कशाला? एक बँड, चार बँड, बँडांना, बँडांपैकी. वरातीपुढचा बँड कित्येक पिढ्या मराठीत वाजतो आहे, आता तरी त्याला घरचा समजा. 'रॉक'बद्दल विचारलेलं नाही, म्हणून सोडतो. तो खडक नव्हे, पाळण्याचा हेलकावा आहे, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आता तुमचे मित्र. अर्धवट व्याकरण येणारा माणूस गप्पांत फार घातक. संस्कृतात तुलनेचे दोन संच आहेत. एक 'तर-तम'चा, तो सगळ्यांना माहीत असतो. दुसरा 'ईयस्-इष्ठ'चा, तो शाळेत पाठ करतात आणि शाळेतच ठेवून येतात. 'गुरु'चं गरिष्ठ, 'बलवान'चं बलिष्ठ, तसंच श्रेयस् आणि श्रेष्ठ. पाणिनीने 'प्रशस्यस्य श्रः' असं सूत्र करून 'प्रशस्य' शब्दाच्या जागी 'श्र' बसवला आणि गाडी पुढे हाकली. आजचे भाषाशास्त्रज्ञ त्याचं नातं 'श्री'शी जोडतात आणि मला तेच पटतं. (पाणिनीला हात लावला म्हणून ज्यांना राग येईल त्यांनी 'प्रशस्य'मधून 'श्र' बाहेर काढून दाखवावा.) काही का असेना, संस्कृतात 'श्रेष्ठ' म्हणजे सर्वांत चांगला, हे मित्राचं म्हणणं बरोबर. 'सर्वांत'वर अनुस्वार हवा, हे जाता जाता.

पण म्हणून 'सर्वश्रेष्ठ' चूक? मग 'ज्येष्ठ'चं काय करणार? तोही त्याच साच्यातला; मूळ अर्थ सर्वांत वडील. मित्राचं गणित लावलं तर अख्ख्या देशात एकच ज्येष्ठ नागरिक निघेल आणि बसमधली राखीव जागा त्या एकट्याची. मराठीत आल्यावर या शब्दांचा तमभाव, म्हणजे 'सर्वांत' हा अर्थ, झिजला. आपण सहज 'याहून श्रेष्ठ' म्हणतो, 'अधिक श्रेष्ठ' म्हणतो. झिजलेल्या नाण्यावर नवा छाप मारावाच लागतो, तो 'सर्व'ने मारला. तेव्हा 'सर्वश्रेष्ठ' शुद्ध, 'सर्वांत श्रेष्ठ' शुद्ध. 'सर्वांत सर्वश्रेष्ठ' मात्र एकाच नाण्यावर दोनदा हातोडा मारणं.

शुद्धिप्रेमी मंडळी 'श्रेष्ठतम'वरही लाल पेन चालवतात. 'इष्ठ'वर पुन्हा 'तम' कशाला म्हणतात. त्यांनी शुक्ल यजुर्वेदाचं पहिलं पान उघडावं. पहिल्याच मंत्रात 'श्रेष्ठतमाय कर्मणे' आहे. वेदाला लाल पेन लावायची छाती असेल त्यांनी लावावी. फारसीतही तेच झालं. 'बेह' म्हणजेच 'अधिक चांगला', त्याला 'तर' लावून 'बेहतर', वर 'ईन' लावून 'बेहतरीन'. चांगुलपणाचे तीन मजले, आणि मुशायऱ्यात कुणी हरकत घेतल्याचं ऐकलं नाही.

या 'इष्ठ'वर मात्र माझा जीव आहे. इंग्रजी 'ग्रेटेस्ट', 'स्वीटेस्ट' यांच्या शेपटीला जो 'एस्ट' आहे, तो आणि आपला 'इष्ठ' एकाच आईची लेकरं. 'स्वादु'चं 'स्वादिष्ठ' आणि 'स्वीट'चं 'स्वीटेस्ट' शेजारी ठेवून पाहा. प्रत्ययच काय, धातूसुद्धा एकच. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलाची सुरुवातच 'स्वादिष्ठया मदिष्ठया' अशी आहे. सोमाची धार, गोडात गोड आणि झिंग आणण्यात पहिली. रॉकच्या मैफलीचं याहून नेमकं वर्णन मला माहीत नाही. (हॉटेलांच्या पाट्यांवर 'स्वादिष्ट' असतं. कोशांनीही आता ते पोटात घातलं आहे, मी नाही. तमभावाला 'ष्ठ', 'कृष्'पासून निघालेल्या 'उत्कृष्ट'ला 'ष्ट'. हे एकदा कळलं की शुद्धलेखनाच्या निम्म्या चुका जातात.) फर्स्ट, लास्ट, नेक्स्ट, मोस्ट यांच्यातही तोच 'स्ट' लपला आहे. 'नेक्स्ट' आणि संस्कृत 'नेदिष्ठ', म्हणजे सर्वांत जवळचा, हे पाहून मी तरुणपणी उडी मारली होती. प्रत्यय एक, पण धड वेगळी निघाली. उडी वाया गेली.

दुसरी उडी वाया गेली नाही. 'वसु' म्हणजे चांगला. त्याचा तमभाव वसिष्ठ. म्हणजे रामाच्या कुलगुरूंचं नावच मुळी 'सर्वोत्तम'. 'इंद्रियं वश केली तो वशिष्ठ' ही व्युत्पत्ती थेट महाभारतापासून चालत आली आहे आणि प्रवचनात गोड वाटते. पण ऋग्वेदाच्या सातव्या मंडलाचा हा ऋषी तिथे 'स'नेच नांदतो. 'श' मागून आला. चिपळूणच्या वाशिष्ठीत तो इतका मुरला आहे की त्या नदीकाठी मी हा विषय काढत नाही.

आता 'वसिष्ठ' इराणात न्या. तिकडे आपल्या 'स'चा 'ह' होतो. सप्ताहाचा हप्ता झाला तो याच वाटेने. 'वसु'चा 'वोहु' झाला, 'वसिष्ठ'चा 'वहिश्त'. सर्वोत्तम जग म्हणजे स्वर्ग, म्हणून पुढे फारसीत 'बहिश्त'. बहिश्तचा तो बहिश्ती, आणि बहिश्ती हिंदुस्थानात येऊन पाठीवर पखाल घेऊन उभा राहिला : भिस्ती! रघुकुलाचे गुरू आणि गल्लीत पाणी मारणारा माणूस एका शब्दाची दोन टोकं आहेत. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

इथल्या इंग्रजांच्या बोलीतल्या शब्दांचा १८८६ सालचा हॉब्सन-जॉब्सन कोश म्हणतो की हिंदी नोकर एकमेकांना बड्या बड्या पदव्या बहाल करण्यात रमतात, 'बहिश्ती' ही त्यातलीच एक. त्याला या पदवीत थोडंफार तथ्य वाटतं, हा त्याचा मोठेपणा. पण ही व्युत्पत्ती साहेबाच्या व्हरांड्यात आरामखुर्चीवर बसून केलेली आहे. पाणी मागून ज्याला पाणी मिळालं, त्याला पदवीत विनोद दिसत नाही. माझा तर्क असा, आणि तो माझाच आहे हे आधीच सांगतो, की या शब्दामागे करबला आहे. इमाम हुसेन यांच्या तहानलेल्या माणसांसाठी पाणी आणायला गेलेले त्यांचे भाऊ अब्बास तिथे मारले गेले. त्यांच्या आठवणीत मोहरमला सबीली लागतात, येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी-सरबत मिळतं. ज्या समाजात पाणी पाजणं हे एवढं पुण्य, तिथे पाणी वाहणाऱ्याला स्वर्गाचा माणूस म्हणायला नोकरांची थट्टामस्करी कशाला लागते? आणि त्या कोशाच्या कितीतरी आधीची गोष्ट घ्या. १५३९ साली चौसाच्या लढाईत हरलेला हुमायून नदीत बुडत होता, त्याला एका भिस्त्याने पखालीच्या आधाराने काठाला लावलं. बादशहाने त्याला तख्तावर बसवून उपकार फेडले. बसणाऱ्याची मुदत फार थोडी होती, पण तेवढ्या वेळापुरता तो सर्वश्रेष्ठ. त्याच्या'पैकी एक' कुणी नव्हता.

हं, बीटल्स.

तुमच्या बीटल्सच्या इतिहासात एक 'बेस्ट' आहेच. रिंगो स्टारच्या आधीचा त्यांचा ढोलकरी पीट बेस्ट. १९४१ साली जन्मला तो चक्क मद्रासला. १९६२च्या ऑगस्टमध्ये, नाव होण्याच्या तोंडावर, त्याला काढून टाकलं. बेस्टला काढून ज्या बँडने जग जिंकलं, त्याला 'सर्वश्रेष्ठ' म्हणताना जरा जपून. त्याचं भाषांतर 'पीट वसिष्ठ' करायला माझे हात शिवशिवत होते, पण दोन अडचणी आल्या. इंग्रजी 'बेस्ट' हा शब्द 'वसिष्ठ'चा नातेवाईकच नाही; शेपूट तेवढी एक. त्याच्या धडाला 'भद्र'शी जोडतात. (फारसी 'बेहतर' आणि इंग्रजी 'बेटर' हे एकच, असं ठोकून देणाऱ्यांनीही इथे कान टोचून घ्यावेत. 'बेहतर'मधला 'ब' हा 'वसु'चाच 'व' आहे.) दुसरी अडचण म्हणजे बेस्ट हे आडनाव अभ्यासक जुन्या फ्रेंचमधल्या 'जनावर' अर्थाच्या शब्दावरून आलेलं मानतात. म्हणजे 'बीस्ट'. ढोलकरी म्हणून तेही शोभतंच.

त्याच्या आईने, मोना बेस्टने, लिव्हरपूलमधल्या आपल्या घराच्या तळघरात १९५९ साली एक कॉफी क्लब काढला. नाव ठेवलं कॅस्बा. हा शब्द अरबी 'कस्बा', म्हणजे आपला कसबा. उद्घाटनाच्या रात्री वाजवायला होते लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन. तेव्हा त्यांच्या बँडाचं नाव क्वारीमेन होतं. थोडक्यात, बीटल्सच्या आधी कसबा पेठ.

पण 'इष्ठ'चा खरा मानकरी मला तिसऱ्याच बँडात सापडतो, आणि तुमच्या वादात त्याचं नावही नाही. क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी. मूळचा फारोख बलसारा, जन्म झांजिबारचा, शाळा आपल्या पाचगणीची. तिथेच १९५८च्या सुमारास पोरांनी द हेक्टिक्स नावाचा बँड काढला होता. नवजोत, म्हणजे पारशांची मुंज, झालेल्या मुलाच्या तोंडी जी सगळ्यात छोटी प्रार्थना असते तिची सुरुवात 'अषेम वोहू वहिश्तेम अस्ति' अशी. संस्कृताचे कपडे चढवले तर 'ऋतं वसु वसिष्ठम् अस्ति'. 'वसु'पासून 'वसिष्ठ', चांगल्यापासून सर्वांत चांगल्यापर्यंत, चार शब्दांत तुमच्या प्रश्नाचं अख्खं व्याकरण आलं. फ्रेडी २४ नोव्हेंबर १९९१ला लंडनमध्ये गेला; अंत्यविधी पारशी दस्तुरांनी केला. त्याच दिवशी पीट बेस्टला पन्नास वर्षं पूर्ण झाली. याला काही अर्थ नाही, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही. 'क्वीन' आणि 'जनाना' एकाच घरातले आहेत, तेही पुन्हा कधीतरी.

माझा धाकटा पुतण्या हा सगळा वाद एका शब्दात मिटवतो. "काका, बीटल्स गोट आहेत." इंग्रजी आद्याक्षरांचा तो 'गोट' असतो म्हणे, म्हणजे सर्वकालीन सर्वश्रेष्ठ. मराठीत गोट म्हणजे छावणी. बीटल्सचा एक गोट, झेपलिनचा एक गोट, आणि 'गोटातल्या बातम्या' दोन्हीकडे. या एका बाबतीत पोरगं नकळत शुद्ध बोलतं.

तर, पक्की खात्री असेल तर 'बीटल्स हा सर्वश्रेष्ठ बँड' म्हणा आणि मित्राचा मार खा. नसेल तर 'थोर बँडांपैकी एक'. आणि तुम्ही मित्राच्या बँडाचं नाव 'लीड' असं लिहिलं आहे, ते आधी दुरुस्त करा. तो 'लेड', म्हणजे शिसं. लोकांनी 'लीड' वाचू नये म्हणूनच त्या मंडळींनी १९६८ साली इंग्रजी स्पेलिंगमधला 'ए' मुद्दाम काढून टाकला होता.