तरीची ओहोटी आणि फाटकाचे कुलूप

तुझे पत्र मिळाले. बारावी विज्ञान शाखेत शिकणारी तू खाडीपलीकडच्या वाडीतून तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, येतेस, महाविद्यालयाचे फाटक साडेसातला बंद होते आणि उशीर झालेल्यांना दुसऱ्या तासापर्यंत बाहेर ठेवून त्या दिवसाची अर्धी गैरहजेरी मांडली जाते, असे तू कळवले आहेस. फलकावर लागलेल्या यादीत तुझ्या नावापुढे ७१ टक्के हजेरी आहे. शिवाय सतराव्या वर्षी रिबिनीसह दोन वेण्यांची सक्ती असह्य वाटते, आणि प्राचार्यांकडे दोन्ही गोष्टींविषयी भांडावे का, असा तुझा प्रश्न आहे.

भांडू नकोस, पण गप्पही बसू नकोस. आणि वेण्यांचा विषय तूर्त बाजूला ठेव. लाल रिबिनी मीही बांधल्या आहेत, त्यांनी माझे काही बिघडले नाही आणि सुधारलेही नाही. मात्र एकाच अर्जात रिबीन आणि हजेरी एकत्र आली, तर वाचणाऱ्याला रिबीन तेवढी दिसेल आणि 'हिला शिस्तच नको' असा निष्कर्ष काढून तो मोकळा होईल.

हजेरीचा प्रश्न गंभीर आहे, कारण बोर्डाच्या परीक्षेसाठी ७५ टक्के उपस्थिती लागते. तू दिलेल्या आकड्यांनुसार कामाच्या १०० दिवसांपैकी २९ दिवस तुझी गैरहजेरी भरते, आणि त्यांतील १८ दिवस हे ३६ वेळा मांडलेल्या अर्ध्या दिवसांचे आहेत. म्हणजे दप्तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून, फाटकाच्या गजांना धरून, आतली प्रार्थना ऐकत तू ज्या सकाळी उभी होतीस, त्याच सकाळी कागदावर तू अर्धी अनुपस्थित होतीस. वेळेवर फाटक लावण्यास माझा आक्षेप नाही, चारशे मुलांची शाळा वेळेशिवाय चालत नाही; परंतु उशिराला गैरहजेरी म्हणणे ही हिशेबाची चूक आहे आणि तेवढीच तू दाखवून द्यावीस.

ती दाखवण्याचे साधन तुझ्या घरातच आहे. ओहोटीला धक्क्याजवळचा गाळ उघडा पडून सकाळची तर अडकते, असे तू लिहितेस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ तासांत कळते, हा आपल्याकडच्या दर्यावर्दी माणसांचा जुना हिशेब तुझ्या वडिलांना ठाऊक असेलच. त्यावरून अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास व पुढचे दोन-तीन दिवस भरती दुपारच्या सुमारास, म्हणजे तिच्या सुमारे सहा तास आधीची ओहोटी नेमकी पहाटे-सकाळी येते, शिवाय त्या दिवसांत पाणी अधिकच खाली जाते. तुझ्या उशिराच्या ३६ तारखा पंचांगाशेजारी मांडून पाहा. बहुतेक त्याच तिथींना जमत असतील, तर तुझा आळस आणि खाडीचे पाणी यांतला फरक प्राचार्यांना वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

अर्ज एका पानाचा असू दे. तारखांची यादी, तरीच्या नावाड्याचे सहीचे पत्र आणि वडिलांची सही त्याला जोड. मागणी दोनच कर: झालेले अर्धे दिवस हजेरीत धरावेत, आणि यापुढे तरीच्या मुलांना उशिराची वेगळी नोंद करून आत घ्यावे. त्याच तरीने येणारी इतर मुले असतील तर त्यांच्याही सह्या घे, पण मोर्चा नेऊ नकोस. दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नकोस. आठवडाभरात उत्तर आले नाही, तर वडिलांनी पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत हा विषय काढावा. आणि तरीही हजेरी कमीच राहिली, तर ती माफ करण्याचा प्रस्ताव रत्नागिरीच्या विभागीय मंडळाकडे महाविद्यालयामार्फत पाठवण्याची विनंती करता येते.

दरम्यान, काहीच मान्य झाले नाही असे धरून चाल: कामाचे अजून ६० दिवस उरले असतील, तर त्यांपैकी ४९ दिवस पूर्ण भरले की ७५ टक्के होतात. अवघड तिथींना फाटकाजवळ राहणाऱ्या एखाद्या मैत्रिणीकडे आदल्या रात्री मुक्काम करता येईल का, हे आईला आजच विचार.