शाईचा एक थेंब

“आता या वयात परत शिकायला जायचं?” हा प्रश्न मला, समुपदेशक म्हणून, समोरच्या खुर्चीतून इतक्या जणांनी विचारलाय, की कुणी ‘आता...’ म्हणून अडखळलं की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. विचारणारे चाळिशीच्या आगेमागे असलेले, नोकरीत बरे स्थिरावलेले. हल्ली त्यांत पर्यावरण धोरण शिकू पाहणारे बरेच असतात. अशाच एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि सात-आठ भेटी दोन-तीन संवादांत उरकल्या आहेत.

वय ४४. एकोणीस वर्षं कारखान्यांच्या ईटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेवर, काढलेली. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा अर्ज दोन वर्षं अर्धवट भरून पडलेला. पहिल्याच भेटीला ते वहीत यादी करून आले. वय. कर्जाचे हप्ते. मुलांची शिक्षणं. संख्याशास्त्र विसरलोय. वर्गात सगळे पंचविशीचे. चार पानं सलग लिहायची सवय नाही. प्रत्येक मुद्द्याला क्रमांक. अभियंताच तो.

मीही हौसेने एकेक क्रमांक घेतला. नोकरी न सोडता अर्धवेळ करता येतं, म्हटलं. संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र या अभ्यासक्रमात चुकत नाही, पण आधी एखादा सुटा कोर्स करून अंदाज घेता येतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचंही सांगितलं: गणित कमी पडतं म्हणून अर्थशास्त्राच्या डॉक्टरेटला प्रवेश मिळाला नाही, मग राज्यशास्त्राकडे वळल्या, भूजलाच्या वाटपावर प्रबंध लिहून १९६५ साली डॉक्टरेट घेतली आणि २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. ते नम्रपणे हसले. “मॅडम, त्या ऑस्ट्रॉम होत्या.”

थोरामोठ्यांचे दाखले माणसाला उभं करत नाहीत, उलट जरा खुजंच करतात. हे मला माहीत असूनही मी दर वेळी एखादा देतेच.

तीन भेटी अशा गेल्या. आज एक क्रमांक खोडायचा, पुढच्या वेळी दोन नवे हजर. चौथ्या भेटीत मी वही मिटायला सांगितली. “काळज्या राहू द्या. शिकायचंय ते कशासाठी?”

ते माझ्या टेबलाकडे बघत राहिले. मी अजून शाईच्या पेनाने लिहिते. “जरा पेन देता?” म्हणाले, आणि मी हो म्हणायच्या आत पाण्याच्या ग्लासात शाईचा एक थेंब सोडला. पाणी निळं झालं.

“समजा, एवढं निळं पाणी नदीत सोडायला बंदी आहे.” त्यांनी तो ग्लास पाण्याने भरलेल्या जगमध्ये ओतला. निळेपणा जवळजवळ दिसेनासा झाला. “आता पास. शाई कुठे गेली?”

“कुठेच नाही,” मी म्हटलं.

“कुठेच नाही! अख्खी नदीत.” मग ते सुटलेच. मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅममध्ये लिहिलेली असली की पाणी मिसळून आकडा उतरवता येतो, घाणीचा एकूण भार मात्र तेवढाच राहतो. विरघळलेले क्षार तर जिवाणूंच्या टाकीत निघतही नाहीत, त्यामुळे पाणी मिसळायचा मोह आणखी मोठा. मिसळायला बंदी असली, तरी पाणी किती वाहिलं हे मोजल्याशिवाय चोरी पकडणार कशी? “एकोणीस वर्षं पाणी मिसळायचा तो व्हॉल्व्ह बघतोय मी. कोण उघडतं, कधी उघडतं, सगळं ठाऊक आहे. मला नियम लिहिणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसायचंय.” जर्मनीने १९७६ साली कायदा करून १९८१ पासून सांडपाण्यातल्या घाणीच्या भारानुसार आकार लावला, हे त्यांनी रात्री जागून वाचलं होतं. असला माणूस ‘लिहायची सवय नाही’ म्हणत होता.

ते बोलायचे थांबले आणि माझी नजर पाण्याच्या त्या जगवर गेली. तेव्हा मला माझी चूक दिसली. ती यादी म्हणजे हाच पाण्याचा जग होता! एकच काळजी त्यांनी दहा मुद्द्यांत पातळ करून आणली होती, आणि मी लिटरमागचा आकडा तपासून एकेकीला पास करत बसले होते. ती दुपार मी विसरणार नाही. चांगला समुपदेशक कधीकधी समोरच्याच्या धंद्यातून आपला धंदा शिकतो.

“तुमच्या यादीतली शाई कुठली?” मी विचारलं.

बराच वेळ काही नाही. मग खाली बघत म्हणाले, “आता शिकायला गेलो, तर एवढी वर्षं चुकीच्या जागी घालवली हे कबूल केल्यासारखंच होईल.”

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांना मानणारी मी. माणसाला घटना छळत नाही, घटनेबद्दल मनात म्हटलेलं वाक्य छळतं, आणि मराठीत त्या वाक्याचा काटा बहुधा ‘च’मध्ये असतो. “केल्यासारखं‘च’?” मी विचारलं. “पंचविशीत हा कोर्स केला असता, तर हा व्हॉल्व्ह तुमच्याकडे असता?”

ते हसले. “नसता. पुस्तकातला असता.”

पुढचं काम सोपं होतं. पण असा प्रश्न घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी ‘जा’ म्हणत नाही. साहेबाचा कंटाळा आलाय म्हणून शिकायचं असेल तर आधी साहेब बदला, ते स्वस्त पडतं. तुमच्या कामात वर्षानुवर्षं खुपणारा एक प्रश्न सांगा म्हटलं की ज्याला पाच मिनिटं बोलता येतं, त्याने अर्ज भरावा. अर्जातला निबंधही त्या प्रश्नावरच लिहावा. हप्त्यांची काळजी मात्र खरी असते. तिला विचार बदलून नव्हे, कागदावर हिशेब मांडून उत्तर द्यावं, आणि घरच्यांना शेजारी बसवून. हव्या त्या जागांसाठी पदवी लागते की छोटं प्रमाणपत्र पुरतं, हे तिथे काम करणाऱ्या दोघा-तिघांना विचारावं. शेवटी प्रबंध आहे की एखाद्या संस्थेसाठी करायचा प्रकल्प, तेही बघावं. अनुभवी माणसाचे हात प्रकल्पात जास्त चालतात, असं माझं निरीक्षण.

त्यांनी निबंधाचा पहिला खर्डा दाखवला तेव्हा सुरुवात होती, ‘माझं वय जास्त असलं तरी...’ मी काही बोलले नाही. दुसऱ्या खर्ड्यात पहिल्याच ओळीत व्हॉल्व्ह आला.

“वयाचा उल्लेख कुठेतरी करायला हवा ना?” त्यांनी विचारलं.

“जन्मतारखेचा रकाना आहे की फॉर्मात.”