ड्रममधून वास येतोय म्हणजे हवा कमी पडतेय

प्रश्न: ताई, मी लातूरला राहते. गच्चीवर प्लास्टिकच्या ड्रममध्ये किचनच्या ओल्या कचऱ्याचं खत करते. पण पावसाळा लागल्यापासून लई वास येऊलालाय. शेजारच्या काकू म्हणल्या की असल्या कुजण्यातून गॅस निघतो, त्यापरीस घंटागाडीत टाकलेलं बरं. मी एवढं करते त्याचा पर्यावरणाला उपयोग आहे का नाही?

उत्तर: उपयोग आहे ताई, चांगलाच आहे, पण काकूंचं म्हणणंही अगदीच खोटं नाही. कचऱ्याला हवा मिळाली की कुजताना मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि तो काय, तीच सालं रानात पडून वाळली असती तरी निघालाच असता. पण हवा कोंडली आणि आत लगदा झाला की मिथेन तयार होतो, जो २० वर्षांच्या हिशोबात तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता धरून ठेवतो. घंटागाडी जिथं रिकामी होते त्या कचरा डेपोवरच्या ढिगाच्या पोटात हेच चालू असतं, वरून आगी लागतात आणि खालून काळं पाणी झिरपत जमिनीत जातं. २०१८ साली संभाजीनगरला, तेव्हाच्या औरंगाबादला, नारेगावच्या लोकांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या ते काय उगीच नाही, वर्षानुवर्षं अख्ख्या शहराची घाण त्यांच्या उशाशी येऊन पडत होती. म्हणून घंटागाडीत टाकलं की सुटलो असं समजू नका.

आता तुमचा ड्रम. वास आला म्हणजे आत हवा नाही. बाजूनं आणि तळाला भोकं पाडा, झाकणावर पाऊस पडू देऊ नका, आणि एक डबा ओला कचरा टाकला की दोन डबे कोरडं टाका. त्यासाठी विकतचं कोकोपीट आणू नका हो, ते नारळाच्या मुलखातून ट्रकनं येतं, आपल्याकडं तुरीचं भुसकट, सोयाबीनची गुळी, कडुलिंबाचा वाळलेला पाला फुकट पडलेला असतो आणि कित्येक ठिकाणी तो चक्क पेटवून देतात, मला ते बघवत नाही. चार दिवसाला काठीनं खालवर करा. मग मूठभर हातात घेऊन दाबा, बोटं ओली झाली पाहिजेत पण पाणी गळायला नको. गळालं तर अजून भुसकट.

उन्हाळ्यात उलटं होईल, सगळं वाळून कुजायचंच थांबेल. तेव्हा नळाचं पाणी घालू नका, तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी शिंपडा. तयार खत कुंड्यांत वरून दोन बोटं पसरा, माती ओल धरून ठेवते, पाणी एकाआड एक दिवस घातलं तरी चालतं. लातूरला त्याची किंमत मी काय सांगू, २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं तुम्ही बघितलंय.

पंधरा दिवसांनी वास कसा आहे ते कळवा.