फ्लाय फिशिंगचं वेड माणसाला पहिल्यांदा लागतं ते कशामुळे?

तुमचा प्रश्न असा: "मासा खायचा तर बाजारात मिळतो, धरायचा तर गळ आणि गांडूळ आहेच. मग पिसांची खोटी माशी बांधून मासे धरायचा हा छंद लोकांना लागतो तरी कसा? सुरुवातीला नेमकं काय ओढतं?"

मासा ओढत नाही, एवढं आधी सांगून टाकतो. निदान मला तरी माशाने ओढलं नाही. काठी हातात आल्यानंतर साडेतीन महिने माझा पाण्याशी संबंधच आला नव्हता. पोरं घरी गेली की शाळेच्या पटांगणात उभा राहून, दोरीच्या टोकाला लाल लोकरीचा तुकडा बांधून, मी हवेत दोरी फेकत असे. गावात त्यावर दोन मतं होती. गुरुजी पतंगाचा काही नवा प्रकार शिकताहेत, हे एक. आणि गुरुजींना बाहेरचं लागलंय, हे दुसरं.

मी भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे. आमच्याकडे मासे ही नवलाई नाही. तलावांचा जिल्हा म्हणतात आम्हाला. कोहळी लोकांनी अडीच-तीनशे वर्षांपूर्वी धानासाठी बांधलेले तलाव आजही गावोगाव आहेत, कागदोपत्री त्यांना मामा तलाव म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी. त्यातली मासेमारी ढिवर बांधवांच्या सोसायट्यांकडे असते. माझ्या घरापासून तलावाची पाळ दोनशे पावलांवर आहे. लहानपणी मीही गरी टाकून बसलोय, गांडुळं खणून नारळाच्या करवंटीत घेऊन गेलोय. त्यात मजा होती, पण वेड नव्हतं. गरी टाकली की पुढचं काम माशाचं, आपण बिडीवाल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा ऐकत बसायचं.

वेड लागलं ते घरापासून फार लांब. एका मे महिन्यात, इकडे भाजून निघत होतो तेव्हा, आम्ही चार मास्तर हिमाचलात गेलो. बंजारच्या पुढे गुशैणीकडे तीर्थन नदीच्या काठाने जाताना चहाला थांबलो. खाली पाण्यात एक वयस्क गृहस्थ गुडघाभर उभे होते. हातात बारीक लांब काठी, तिला पिवळी दोरी. ती दोरी त्यांच्या डोक्यावरून मागे जायची, पार सरळ व्हायची, क्षणभर तशीच हवेत राहायची, मग पुढे यायची. येताना तिचा एक अरुंद वेटोळा व्हायचा आणि तो वेटोळा स्वतःलाच उलगडत उलगडत पाण्यापर्यंत जायचा. शेवटी टोकाची माशी पाण्यावर अशी उतरायची की पाण्यालाही कळू नये. सोबतचे तिघं चहा पिऊन गाडीत जाऊन बसले, हॉर्न वाजवू लागले, मी कठड्याला चिकटून. त्या गृहस्थांनी पाऊण तासात एकही मासा धरला नाही, हे माझ्या लक्षात आलं ते गाडी चार-पाच किलोमीटर पुढे गेल्यावर.

म्हणून म्हणतो, आधी हात अडकतो. हे आपल्याला जमायला पाहिजे, असं खांद्यापासून बोटांपर्यंत वाटतं. गावात कोणी वाजवायला लागलं की आपली बोटं मांडीवर ताल धरतात ना, तसं काहीसं.

आता त्या फेकण्यात असं काय आहे ते सांगतो, कारण खरी गंमत तिथेच आहे आणि लोक नेमकं तेच न सांगता निसर्ग, शांतता वगैरे बोलत बसतात.

राखणीला बसलेल्या पोराची गोफण आठवा. वजन गोट्यात असतं, दोरी नुसती त्याच्यामागे जाते. नेहमीच्या गळाचंही तसंच: शिसं किंवा आमिष जड, ते फेकलं की दोरी मागे ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये हे उलटं आहे. माशी म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळलेला बारीक हुक. वजन जवळपास नाहीच. नुसती फेकली तर पायाशी पडेल. म्हणून वजन दोरीला दिलेलं असतं. दोरी जाड असते, आणि माशीशी जोडणारा पुढचा पारदर्शक धागा निमुळता होत जातो. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी लोक बहुधा वापरतात त्या ५ नंबरच्या (नंबर दोरीच्या वजनाचा) दोरीचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. एवढ्याच वजनाने ९ फुटी काठी वाकते, आणि काठी सरळ होताना दोरीला उडवते.

बैल हाकायचा आसूड ज्याने पाहिलाय त्याला हे लगेच कळेल. मुठीकडे जाड, शेंड्याकडे बारीक, त्यामुळे मनगटातला झटका शेवटपर्यंत पोचतो. फरक एवढाच की आसूड वाजला पाहिजे आणि ही दोरी वाजता कामा नये. वाजली म्हणजे तुम्ही घाई केली. दोरी मागे पूर्ण सरळ व्हायच्या आत पुढे ओढली की फटकन आवाज येतो आणि टोकाची माशी तुटून जाते. नवशिक्याच्या नव्वद टक्के चुका याच, मागची वाट न पाहण्याच्या. (हे नव्वद टक्के माझ्या स्वतःच्या चुकांचे, कुठल्या अभ्यासातले नाहीत.) ताकदीचा इथे काही उपयोग नाही. आमचे कुस्ती खेळलेले पीटीचे सर दहा मिनिटांत घामाघूम झाले आणि दोरी त्यांच्या गळ्याभोवती. नववीतल्या एका बारीकशा मुलीने तिसऱ्या फेकीला दोरी सरळ टाकली.

ती मुलगी अजून येते, पण मासे धरायला नाही. घरी माळ आहे, मासा चालत नाही. तिला माशी बांधायचं वेड लागलंय. त्यामुळे सगळ्यांना दोरीच ओढते हा माझा दावा तिच्यापुढे लंगडा पडतो, हे कबूल. काही जण या दुसऱ्या दाराने आत येतात: हुक चिमट्यात धरायचा आणि त्यावर किडा उभा करायचा. हा प्रकार जुना आहे. मॅसेडोनियात लोक हुकाला लाल लोकर गुंडाळून, कोंबड्याची दोन पिसं लावून मासे धरतात असं ईलियन नावाच्या रोमन लेखकाने इसवी सन २०० च्या आसपास लिहून ठेवलंय. आणि सामान म्हणाल तर आमच्या आठवडी बाजारात निम्मं मिळतं. गावरान कोंबड्याच्या मानेवरची पिसं कोंबडीवाला फुकट देतो, वर हसतो. पावसाळा सरता सरता धुऱ्यावर मोराची गळलेली पिसं सापडतात, त्यांचा एकेक केसाळ धागा किड्याच्या अंगासारखा चमकतो. तांब्याची बारीक तार मोटार भरायच्या दुकानातून. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणाऱ्या फ्रँक सॉयर नावाच्या माणसाने दोऱ्याऐवजी तांब्याची तारच वापरून फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसांची माशी बांधली. तार म्हणजे दोराही आणि वजनही, म्हणून ती बुडते. ती माशी जगभर चालते, आणि आमच्याकडे तिची तार जळलेल्या पाणबुडी मोटारीतून निघते याची मला फार मजा वाटते. एक ताकीद मात्र: आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवरची लाखेच्या थेंबासारखी ठिपक्यांची पिसं परदेशात माशी बांधायला फार नावाजलेली होती. तो पक्षी मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. कोणी तसली पिसं देऊ केली तर हात लावू नका.

तिसरे म्हणजे महागड्या काठ्या, खिशाखिशांचं जाकीट आणि फोटो यांनी ओढले गेलेले. त्यांच्याबद्दल फार लिहीत नाही. दुसऱ्या वर्षी त्यांचं सामान विकायला निघतं, आपल्याला स्वस्तात मिळतं, त्यांचे उपकारच म्हणायचे.

आता पाण्याकडे येतो. हिमाचलातला ट्राउट आपल्याकडे नाही. त्याला थंड, वाहतं पाणी लागतं. इंग्रजांनी तो बाहेरून आणून काश्मीर, हिमाचल, निलगिरी अशा ठिकाणी सोडला. काश्मिरात तो १९०० च्या सुमारास रुजला. मग भंडाऱ्यात ही काठी घेऊन करायचं काय? मलाही पहिला सबंध उन्हाळा हाच प्रश्न होता. उत्तर जूनमध्ये मिळालं.

पहिला पाऊस पडून गेला की संध्याकाळी वाळवीची पंखवाली पाखरं निघतात, तुम्हाला माहीत असेल. बल्बभोवती ढीग लागतो, सकाळी ओसरीवर नुसते पंख. त्या संध्याकाळी लाईट गेलेली होती म्हणून मी पाळीवर जाऊन बसलो. पाखरं पाण्यावर पडत होती आणि तलावभर ठिकठिकाणी बारीक गोल उठत होते, पाऊस थांबलेला असताना पाऊस पडतोय असं वाटावं तसे. मी या तलावाच्या काठी जन्म काढला, हे गोल शेकडो वेळा पाहिले असतील, पण ते कशाचे आहेत हे कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी ओणवा होऊन पाहिलं. पाखरू पडलं, दोनदा फडफडलं, खालून तोंड आलं, गेलं. काही ठिकाणी पाखरू निपचित होतं, त्याला कोणी शिवत नव्हतं. काही ठिकाणी मासे फक्त काठालगत, बेशरमाच्या झुडपाखालीच वर येत होते, कारण वाऱ्याने पाखरं तिथे लोटली होती.

पट्टीचे लोक ट्राउटच्या नदीवर हेच करतात, फक्त तिथे वाळवीऐवजी मेफ्लाय असते. ती महिनोन्‌महिने पाण्याखाली काढते आणि पंख फुटल्यावर एक-दोन दिवसांत संपते. मोठेपणी तिला खायला धड तोंडही नसतं. त्या घडीला पाण्यावर जे उतरलंय त्याच मापाची आणि रंगाची माशी लावायची, नाहीतर मासा नाकासमोरून जाऊ देतो.

दुसऱ्या दिवशी मी तुटलेल्या स्लिपरच्या रबराचा तांदळाएवढा तुकडा कापून, त्यावर तपकिरी पीस आडवं बांधून वाळवी केली. दिसायला ती वाळवीपेक्षा जखमी झुरळासारखी होती. संध्याकाळी पाखरं निघाली तेव्हा झुडपापासून हातभर अंतरावर टाकली. तिसऱ्या टाकीला गोल उठला आणि दोरीतून कोणीतरी माझं बोट ओढलं. बोटभर लांबीचा, चांदीच्या पत्र्यासारखा मासा. पोरं त्याला नुसती मासोरी म्हणतात. हुकाचा उलटा काटा मी पक्कडीने आधीच दाबून ठेवला होता, त्यामुळे ओल्या हाताने सोडून दिला. जून-जुलै अंडी घालायचे दिवस, सोडायलाच हवा. पण मी रात्री साडेअकरापर्यंत बायकोला त्या बोटभर माशाबद्दल सांगत होतो, आणि तिने शेवटी विचारलं, "आणला कुठाय?"

पुढे मरळीसाठी त्याच स्लिपरचा बेडूक केला. मरळ बेडकावर झडप घालते ती ऐकू येते. फक्त पाण्यावर लालसर पिल्लांचा पुंजका फिरताना दिसला तर तिथे टाकू नका. खाली आईबाप राखण करत असतात, चिडून ते काहीही धरतात, आणि ते गेले की सगळी पिल्लं इतरांच्या पोटात.

आमच्या तलावावरचे एक ढिवर काका पहिले काही महिने मला पाहून रोज म्हणायचे, "गुरुजी, पाण्यानं का बिघडवलन जी तुमचा? सकारपासून झोडपून रायले त्याले!" एकदा त्यांनी काठी मागितली. चाळीस वर्षं फेकजाळं टाकलेला हात. मागे दोरी सरळ होईपर्यंत थांबायचं हे मला साडेतीन महिन्यांत आलं, त्यांना सांगावंही लागलं नाही. चार-पाच वेळा टाकली, सुंदर टाकली, आणि काठी परत देत म्हणाले, "हाताले बरा लागते जी. पोट नाही भरत." मग डोंगा घेऊन जाळी काढायला निघून गेले. त्यांना वेड लागलं नाही, लागायचं कारणही नव्हतं. त्यांचं पाण्याशी दिवसभर चालूच असतं. हा छंद बहुधा आमच्यासारख्या काठावर बसून राहिलेल्यांचा.

तुम्हाला लागेल की नाही हे पैसे घालण्याआधी तपासता येतं. ज्याच्याकडे काठी आहे त्याच्याकडून तासभर मागून घ्या, टोकाला हुक न लावता लोकर बांधा आणि मोकळ्या पटांगणात फेकून पाहा. धान कापलेल्या बांधीत नको, धसकटात दोरी सोलली जाते. तासाभराने खांदा दुखत असूनही "अजून एकदा" वाटलं तर तुमचं काम झालं समजा. मग सोसायटीची परवानगी घेऊनच तलावावर जा, पाणी त्यांनी ठेक्याने घेतलेलं असतं. आणि काठी विकत घेताना मुठीच्या वर छापलेला आकडा आणि दोरीच्या डब्यावरचा आकडा एकच आहे ना, ते बघून घ्या. माझ्या पहिल्या ऑनलाइन सेटमध्ये काठी ८ नंबरची आणि दोरी ५ ची आली होती. काठी वाकायलाच तयार नव्हती, आणि मी दीड महिना स्वतःच्या मनगटाला शिव्या देत होतो.