जुनी मर्सिडीज ई-क्लास (२००८, ई २८० सीडीआय) स्वस्तात मिळतेय, काय तपासू?

घ्या, पण डील पक्की करण्याआधी गाडी रात्रभर सपाट जागी उभी करून सकाळी बघा. एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेवर तोललेली गाडी) असेल आणि पुढचं एखादं चाक मडगार्डमध्ये बसलेलं दिसलं, तर बेलो, म्हणजे त्यातली हवेची रबरी पिशवी, गळतोय. नुसता बेलो वेळेत बदलला तर ठीक, नाहीतर हवा भरून भरून कॉम्प्रेसरही जळतो.

खरा खर्च इंजिनात. या व्ही-६ डिझेलचा ऑइल कूलर दोन सिलिंडर रांगांच्या मधोमध, खाली दडलेला असतो. त्याची सीलं कडक होऊन गळतात आणि तेल मागच्या बाजूने, गिअरबॉक्सच्या जोडावर ओघळतं. बरेच मेकॅनिक तिथेच 'मागची ऑइल सील गेली' म्हणून गिअरबॉक्स उतरवतात! सीलं स्वस्त असतात, पण तिथवर पोचायला टर्बो आणि मॅनिफोल्ड काढावे लागतात, त्यामुळे मजुरी जबर. बदलताना नवी, जांभळ्या रंगाची व्हायटॉन (उष्णता सोसणाऱ्या रबराची) सीलंच मागा.

२००६ च्या आधीचं मॉडेल दाखवलं तर त्यातला इलेक्ट्रॉनिक ब्रेक पंप वेगळं दुखणं आहे, मी तरी टाळेन.

आणि हो, आरसीची पंधरा वर्षं उलटलीत. नूतनीकरण झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, ते आधी विचारा.