बाबा कोविडने गेले की दुसऱ्याच इन्फेक्शनने?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. एप्रिल 2021 मध्ये माझे बाबा गेले. वय 63, शुगर होती. ताप आल्या दिवसापासून मी त्यांना घरी अझिथ्रोमायसिन देत होते, तेव्हा सगळेच घेत होते, मग ऑक्सिजन खाली आला म्हणून ॲडमिट केलं, व्हेंटिलेटर लागला आणि बाराव्या दिवशी सांगितलं की रक्तात क्लेबसिएला नावाचा जंतू सापडलाय, सेप्सिस झालाय, म्हणजे इन्फेक्शनने सगळं शरीरच बिघडत चाललंय. दोन दिवसांत गेले. अँटिबायोटिक चालू असताना हे झालंच कसं? माझ्याकडून डोस कमी पडला का? अजून झोप लागत नाही.
- एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, डोस कमी पडला नाही. हे मनातून काढून टाका. कोविड हा व्हायरस, त्याच्यावर अझिथ्रोमायसिन चालत नाही, ब्रिटनमध्ये कोविडच्या औषधांची रिकव्हरी नावाची मोठी चाचणी झाली, तिच्यात हजारो पेशंटना देऊन बघितली, काही फायदा झाला नाही. आणि पुढे येणारा बॅक्टेरिया ती आधीच अडवेल असं म्हणाल तर तेही नाही, कारण क्लेबसिएला बहुतेक वेळा आयसीयूत गाठतो आणि त्यातले बरेच जंतू भारीभारी औषधांनाही दाद देत नाहीत.

तो शिरतो कसा ते सांगते. व्हायरसने फुप्फुसं आधीच सोललेली असतात, त्यात श्वासनलिकेत नळी, मानेच्या शिरेत सलाइनची लाइन, लघवीची नळी, म्हणजे जंतूला आत जायला तीन-तीन वाटा. वर स्टेरॉइड. ते ऑक्सिजनवरच्या पेशंटचा जीव वाचवतं म्हणून द्यावंच लागायचं, पण त्याने प्रतिकारशक्ती दबते, शुगर चढते. आयसीएमआरने 2020 मध्ये 10 हॉस्पिटलांतल्या 17,534 कोविड पेशंटची माहिती तपासली, त्यात असं दुसरं इन्फेक्शन फक्त 3.6 टक्के लोकांना झालं होतं, पण ज्यांना झालं त्यांच्यातले निम्म्याहून जास्त गेले. सगळ्यात जास्त सापडलेला जंतू क्लेबसिएलाच. त्यामुळे बाबा नक्की कशाने गेले याचं माझं उत्तर, दोन्हींनी. कोविड झाला नसता तर ते त्या बेडवर नसते.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. 1918 च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएन्झाची साथ आली, आपल्या देशात कोटीच्या वर माणसं गेली. 2008 मध्ये अमेरिकेत त्या साथीतल्या 58 मृतांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले नमुने परत तपासले तर जवळजवळ सगळ्यांत बॅक्टेरियाच्या न्यूमोनियाच्या खुणा होत्या. पण ते जंतू बरेचसे माणसाच्या नाकाघशात एरवीही राहणारे, फ्लूने श्वासनलिकेचं आतलं अस्तर खरवडलं की खाली उतरणारे. पेनिसिलिन सापडलं 1928 मध्ये. म्हणजे 1918 मध्ये औषधच नव्हतं, आणि कोविडमध्ये आपण उलट केलं, जागतिक आरोग्य संघटनेने 2024 मध्ये सांगितलं की हॉस्पिटलमधल्या कोविड पेशंटपैकी जेमतेम 8 टक्के लोकांना बॅक्टेरियाचं इन्फेक्शन होतं, अँटिबायोटिक दिली गेली सुमारे 75 टक्क्यांना. मला याचा फार त्रास होतो, कारण उगाच घेतलेल्या प्रत्येक कोर्सने असले दाद न देणारे जंतू वाढतात आणि मग ज्याला खरी गरज असते त्याच्यासाठी औषधच उरत नाही. हा दोष तुमचा एकटीचा नाही ताई, आम्ही डॉक्टरांनीच ढिगाने लिहून दिली.

आता घरात कुणाला फ्लू झाला तर एवढं बघा: ताप उतरला, माणूस उठून बसला, दोन-तीन दिवस बरे गेले आणि परत थंडी वाजून ताप, छातीत दुखणं, पिवळा किंवा तांबूस बेडका, धाप, असं काही दिसलं तर मेडिकलमधून गोळ्या आणत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तिथे अँटिबायोटिक खरंच लागू शकते, आणि वेळेत दिली तर माणूस बरा होतो. आईंनाही शुगर असेल तर फ्लूची आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनिया करणाऱ्या एका जंतूवरची) लस त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या.