हाताखालच्या मुलाने ऑटिझम (स्वमग्नता) असल्याचं सांगितलं. तो कुणाला नमस्कारही करत नाही. स्टाफला कळवू का? त्याला हलकं काम देऊ का?

स्टाफला कळवू नका. त्याने तुम्हाला सांगितलंय, गावाला नाही. कोणाला सांगायचं, किती सांगायचं, हे त्यालाच विचारा. हलक्या कामाचं उत्तर जरा लांबेल.

मी जळगावला एमआयडीसीत एका डाळ मिलमध्ये सुपरवायझर आहे. आमच्याकडचा असाच एक पोरगा तूरडाळीचं सॅम्पल तपासतो. ताटात डाळ पसरली की खडा, चुरी, टरफल राहिलेला दाणा, काही त्याच्या नजरेतून सुटत नाही. तरी वर्षभर मी त्याला ढिला समजत होतो. कारण मशीन धडधडत असताना मी जाता जाता सांगायचो, "तो लॉट बघ, गाडी लागली की ये, अन् ते कालचं पण करून टाक." आता 'ते कालचं' म्हणजे काय? बाकीचे अंदाजाने करायचे आणि चुकले की गप्प बसायचे. हा विचारायला यायचा, तर मी खेकसायचो.

आता कामं फळ्यावर लिहितो, लॉट नंबर आणि वेळेसकट. खर्च खडूचा, फायदा हमालांपासून अकाउंटवाल्यापर्यंत सगळ्यांना. त्याचं टेबल चाळणीजवळून उचलून वजनकाट्याच्या खोलीत नेलं. ड्युटी बदलायची तर आदल्या दिवशी सांगतो. हलकं काम दिलं असतं तर आमचा सगळ्यात चांगला सॅम्पलवाला गोण्या मोजत बसला असता.

एक चूक मात्र मोठी केली. हिवाळ्यात मळ्यात स्टाफची भरीत पार्टी असते. 'जरा मिसळेल चारचौघांत' म्हणून त्याला ओढून नेला. डीजे लागला तसा तो कान दाबून विहिरीमागे जाऊन बसला, नंतर दोन दिवस कामावर नाही. पुढच्या वर्षी आधी विचारलं. म्हणाला, "वांगी भाजायला येतो, जेवायला थांबणार नाही." दुपारीच आला, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली आणि डबा भरून घरी गेला.

मालक कुरकुरला तर सांगा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे आणि खासगी आस्थापनेलाही समान संधी धोरण ठेवावं लागतं. (आमच्या शेठला कायद्यापेक्षा माल नापसंत होऊन परत येणाऱ्या गाड्या कमी झाल्याचं जास्त पटलं.) दिव्यांग सर्टिफिकेट काढायचं की नाही ते मुलाला ठरवू द्या, मागे लागू नका.

आणि तो नमस्कार करत नाही असं तुम्ही लिहिलंय, ते सोडून द्या. आमचाही करत नाही. सकाळी आला की सरळ फळ्याकडे जातो.